निरीक्षण

ऐरोलीच्या समाजमंदिरात, पहिल्या मजल्यावर
आमचा वर्ग भरतो. मंगळ, गुरू, शनी, दोन ते पाच.
खाली बायकांचा झुंबा चालतो,
त्यामुळे 'वंचित घटक' म्हटलं की
त्याच्या खालून धडधड ऐकू येते.

आम्ही एकोणीस जणी आणि एक प्रल्हाद.
तो आधी कुरिअरमध्ये होता.
दार वाजवण्यातलं त्यालाच काय ते कळतं:
एकदाच वाजवायचं. मग दोन पावलं मागं.
उजेडात उभं राहायचं, तोंड दिसेल असं.

चेंदवणकर मॅडम सांगतात, 'का' विचारू नका.
'का' म्हटलं की समोरचा आरोपी होतो.
'काय झालं' विचारा.
मी घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, काय झालं?
तो म्हणाला, कुठं काय.

पाणी दिलं तर प्या, पेला धरून बघत बसू नका.
घरातली एकुलती खुर्ची पुढं करतील, बसा.
नको नको म्हणून त्यांना दमवू नका.

मी अकरा वर्षं महापेत
औषधांच्या पाकिटांवर तारखा छापल्या.
कधी संपणार, एवढंच छापायचं.
इथं पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं,
तुम्ही ह्या कामात का आलात?
आणि स्वतःच जीभ चावली.

पहिली गृहभेट दिघ्याला, वर डोंगराच्या अंगाला.
पायऱ्या मोजायच्या सोडून दिल्या.
निळे ड्रम, वाळत घातलेली चादर, तिच्याखालून वाकून
सुनंदा खिल्लारे, वय एकतीस, पती मयत.
खुर्चीवरचे डबे तिनं खाली ठेवले. मी बसले.
पाणी प्यायले.

रकाना सहा: घरातील वस्तू.
बोलता बोलता तिनं
पायानं काहीतरी खाटेखाली सारलं.
मुलीनं त्यावर फ्रॉक टाकला,
हातातून पडला असं दाखवून.
कुकर होता. नवा.
झाकणावरचा स्टिकरही निघाला नव्हता.

आमच्या आईनं टीव्हीवर गोधडी टाकली होती.
रबाळ्याला. मी सात वर्षांची.
सर्व्हेच्या बाई दारात,
आणि टीव्ही बंद करायचाच राहिला.
गोधडी बातम्या द्यायला लागली.
आई खोकली. मग मी खोकले.
बाई वहीत मान घालून,
आणि एकदम मोठ्यानं,
'साखर कितीला देतो हो तुमचा वाणी?'
गोधडीतलं हवामान संपेपर्यंत
त्या साखरेवरच बोलत राहिल्या.
किलोचा भाव, मुंग्या, रेशनची ओली साखर.

आई पुढं कित्येक वर्षं सांगायची,
बाई जरा बहिरी होती, म्हणून वाचलो.

मी मुलीला विचारलं, कितवीत?
तिसरीत.
पाढे? बारापर्यंत.
तिनं बाराचा म्हटला, हात मागं बांधून,
डोळे माझ्यावर, टाच फ्रॉकवर.
बारा साती चौऱ्याऐंशीला फ्रॉक घसरला.
मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत म्हटलं,
आता तेराचा.
तेराचा येत नव्हता तिला.
मला तरी कुठं येतो.
आम्ही तिघींनी मिळून तेरा चोकपर्यंत नेला.

शनिवारी वर्गात निरीक्षण वाचायचं होतं.
प्रल्हादच्या घरात छत गळत होतं,
मीटर शेजाऱ्याचं होतं, म्हातारा बोलला नव्हता.
मग मी:
पाणी तीन दिवसांआड.
रेशनकार्ड अजून सासऱ्याच्या नावावर, सासरा गावी.
मृत्यूच्या दाखल्यात नावाची वेलांटी चुकलेली,
त्यासाठी चार खेपा, चार खाडे.

वस्तू? मॅडमनी विचारलं.
खाट, मी वाचलं. खुर्ची. दोन हंडे. पंखा.
आणि तिथं माझा आवाज बसला.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.
'खालच्या ह्या झुंब्यात काही म्हणून ऐकू येत नाही बघा,'
त्या म्हणाल्या, आणि हजेरीचं पान उलटलं.

झुंबा संपून
दहा मिनिटं झाली होती.